दुधाचं माप, शेणाचं माप

पुसदजवळ आमचा गोठा आहे आणि गोठ्यामागे पनीर-खव्याची भट्टी. वीस वर्षं मी दूध थेंबाथेंबाने मापलं, बाकी काहीच मापलं नाही. शेण किती, सरपण किती, कोणती म्हैस किती दिवस भाकड, सगळं अंदाजपंचे. एका पावसाळ्यात डोळे उघडले आणि वही घातली. त्या वहीतले हे बोल.

१. उकिरडा उताराला नको.
आमचा होता, टाकायला सोपा म्हणून. पहिल्या जोरदार पावसात त्याचा काळा ओघळ नाल्यात गेला. नाला पूस नदीला मिळतो, पूस पुढे पैनगंगेला. पण तेवढ्या लांब जायची गरजच पडली नाही. शेजारचे काका सकाळीच दारात उभे. "भाऊ, तुमच्या गोठ्याचं पाणी आमच्या विहिरीत उतरते न!" आधी राग आला, मग विहिरीत वाकून पाहिलं आणि मान खाली गेली. त्याच आठवड्यात मी खताची पोती उधारीवर आणली होती. म्हणजे नत्र इकडून नाल्यात सोडत होतो आणि तिकडून दुकानातून आणत होतो. आता उकिरडा उंचवट्यावर आहे, भोवती बांध, वर पत्रे.

२. गोबरगॅस नुसत्या शेणावर चालत नाही.
२ घनमीटरच्या संयंत्राला रोज ५० किलो ताजं शेण आणि तेवढंच पाणी लागतं. त्यावर चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. आमचा पहिल्याच वर्षी बंद पडला. शेणात कुटाराच्या काड्या, पाणी मनाला येईल तेवढं; वरती साय धरली. घरच्या मंडळींनी पुन्हा चूल मांडली आणि मला चार शब्द ऐकवले. मग घमेलं आणि बादली ठरवून घेतली, काड्या वेचायची सवय लावली. दुसरं असं, की गॅस उरला तर तो जाळावा, मोकळा सोडू नये. मोकळा सुटलेला मिथेन शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट हवा तापवतो. तसं करण्यापेक्षा संयंत्र नसलेलं बरं.

३. भाकड म्हैसही ढेकर देते.
हे कळायला मला सगळ्यात जास्त वर्षं लागली. रवंथ करणारं जनावर जे खातं, त्यातल्या ऊर्जेचा साधारण ६ टक्के भाग मिथेन होऊन ढेकरातून निघून जातो. म्हैस दुधात असो की आटलेली, ढेकर चालूच. वही पाहिली तर आमच्या एका म्हशीच्या दोन वेतांत २० महिन्यांचं अंतर. गाभणकाळ दहा महिन्यांचा, म्हणजे उरलेले दहा महिने ती रिकामी होती आणि त्यातले बरेचसे बिनदुधाचे. दोष तिचा नव्हता. उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात गेला की म्हशीचा माज मुका होतो; ना हंबरणं, ना काही. आम्ही दुपारी पाहायचो, तो रात्री येऊन जायचा. आता पहाटे आणि रात्री कंदील घेऊन फेरी असते. दुपारी अंगावर पाणी, डोक्यावर सावली, चाऱ्यात रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण. अंतर १५ महिन्यांवर आलं. पूर्वी अकरा जनावरं जेवढं दूध देत, तेवढं आज आठ देतात. तीन जनावरांचा चारा, पाणी, शेण आणि ढेकर वाचले.

४. कुटार जाळू नका, पण तसंच घालूही नका.
गव्हाचं कुटार नुसतं घातलं तर पोट भरतं, दूध भरत नाही. १०० किलो कुटाराला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात विरघळवून थराथराने शिंपडायचा, दाबून ताडपत्रीखाली २१ दिवस ठेवायचं. घालण्याआधी हवेवर पसरायचं. युरिया हातच्या अंदाजाने टाकू नका, जास्त झाला तर विष आहे. लहान वासरांना हे देऊच नये.

५. पनीरचं पाणी म्हणजे पाणी नव्हे.
म्हशीच्या दहा लिटर दुधाचं पनीर दोन किलोच्या आसपास, उरलेलं सगळं हिरवट पाणी. आम्ही ते मोरीतून सोडायचो. त्यात दुधाची साखर असते. ती कुजताना नाल्यातला प्राणवायू खाते आणि मासे तडफडतात. शहाणपणा करून एकदा सगळं गोबरगॅसमध्ये ओतलं, तर आंबटपणाने गॅसच बंद. आता थोडं रोज संयंत्रात, थोडं ढेप भिजवायला.

६. खवा म्हणजे सरपण.
म्हशीच्या पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो. बाकीचे चार लिटर आपण लाकूड जाळून हवेत उडवतो. दुधाला गिऱ्हाईक असेल तेव्हा कढई चढवू नका.

७. हिशोबाला तारीख ठरवा.
वसंतराव नाईकांचं गहुली आमच्याच तालुक्यातलं. त्यांच्या जयंतीला, १ जुलैला, राज्यभर कृषिदिन होतो. त्या दिवशी मी वर्षाची वही जुळवतो. तोवर एखादा मोठा पाऊस बहुधा झालेला असतो, म्हणून वही मिटली की काकांकडे जातो. ते चहा ठेवायला सांगतात. पाणी त्याच विहिरीचं.