गिअरचा दांडा आणि त्याची जागा

तंजावरच्या रस्त्यांना मोटारीची ओळख फार पूर्वीच झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात टी. व्ही. सुंदरम अय्यंगार यांनी दक्षिणेत बससेवा सुरू केली, तेव्हा तिच्या आरंभीच्या मार्गांत तंजावर ते पुदुक्कोट्टै हा मार्ग होता. खाजगी मोटारी मात्र पुढे कित्येक वर्षे परदेशातूनच येत. स्वातंत्र्यानंतर ही स्थिती पालटली. 1948 मध्ये मद्रास येथे स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी स्थापन झाली आणि 1961 पासून तिने स्टँडर्ड हेरल्ड ही छोटेखानी गाडी बाजारात आणली. तंजावरहून मद्रासला जाणारा प्रवासी शहरात शिरण्यापूर्वी वंडलूरजवळच्या या कारखान्यावरूनच पुढे जात असे.

हेरल्डचे मूळ इंग्लंडातील ट्रायम्फ हेरल्डमध्ये आहे. इटलीतील जोव्हानी मिकेलोत्ती याने आखलेली ही गाडी 1959 मध्ये विक्रीस आली. हिच्याच सांगाड्याची लांबी कमी करून ट्रायम्फने 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन आसनांची स्पोर्ट्स गाडी काढली. तिचे उत्पादन 1980 पर्यंत चालू होते. दोन्ही गाड्यांचे इंजिन, गिअरपेटी आणि गिअरचा दांडा एकाच धर्तीचे. त्यामुळे स्पिटफायरविषयी जे म्हणता येते, त्यातील बहुतेक हेरल्डलाही लागू पडते. दोहोंत फरक आहे तो सुट्या भागांच्या उपलब्धतेचा. ब्रिटनमध्ये हौशी मंडळींच्या मागणीमुळे स्पिटफायरचे बारीकसारीक भाग आजही नव्याने तयार होतात. भारतीय कंपनीचे मोटार-उत्पादन मात्र 1988 च्या सुमारास थांबले. तेव्हा तंजावरमध्ये एखाद्याने जुनी हेरल्ड जपून ठेवली असेल, तर तिची गिअरपेटी चुकीच्या निदानापायी उघडली जाणे आणि त्यात एखादे चाक दुखावले जाणे, ही न भरून येणारी हानी ठरू शकते.

समजा, अशाच एका गाडीचा दांडा जागेवर राहीनासा झाला आहे. दुसरा गिअर टाकावयास जावे, तर दांडा मधेच अडखळतो. तिसरा पडतो, पण चढावर आपोआप सुटतो. दांडा मोकळा असताना उजवीकडे कलंडून पडलेला दिसतो. मालक म्हणतो, गिअरपेटी गेली. घाईचा मिस्त्रीही तेच म्हणतो. पेटी खाली उतरविणे हे डोळ्यांत भरणारे काम असल्यामुळे त्याचा मोबदलाही तसाच मिळतो, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हातातील मूठ आणि पेटीतील दातेरी चाके यांच्यामध्ये एक साखळी असते. हेरल्ड व स्पिटफायर या गाड्यांत दांडा पेटीच्या वर थेट उभा नसतो. तो पेटीच्या झाकणापासून मागे आलेल्या लांबट भागावर, चालकाच्या हाताशी बसविलेला असतो. दांड्याला मध्यापासून खाली एक गोल गाठ असते आणि त्या गाठीभोवती तो तराजूच्या दांडीसारखा फिरतो. त्याचे खालचे टोक एका आडव्या सळईत गुंतलेले असते. ती सळई पुढे पेटीकडे जाते व तिच्या अंगची जीभ तीन समांतर सरकदांड्यांपैकी एकीच्या खाचेत शिरते. त्यांतील एक पहिल्या-दुसऱ्या गिअरची, दुसरी तिसऱ्या-चौथ्याची आणि तिसरी रिव्हर्सची. प्रत्येक सरकदांडीवर एक काटा घट्ट बसविलेला असतो आणि हा काटाच आतील कडे सरकवून गिअर बसवितो. दांडा डावी-उजवीकडे हलविला की कोणती सरकदांडी निवडायची ते ठरते, आणि पुढे-मागे केला की ती सरकते.

या साखळीच्या प्रत्येक सांध्यात नायलॉनचे किंवा रबराचे छोटे बुश असते. सांधा आवाज न करता फिरावा आणि झीज झालीच तर ती स्वस्त भागाची व्हावी, ही त्यामागील योजना. हे बुश झिजले म्हणजे काय होते, ते साध्या हिशेबाने कळते. समजा, गाठीच्या वरचा दांडा खालच्या भागाच्या पाचपट लांब आहे. मूठ 50 मिलिमीटर ढकलली, तर खालचे टोक 10 मिलिमीटर सरकेल. आता तीन सांध्यांत प्रत्येकी अर्धा मिलिमीटर ढिलाई आली आहे असे धरा. या 10 मिलिमीटरांपैकी दीड मिलिमीटर नुसती ढिलाई भरून काढण्यातच खर्च होईल आणि सरकदांडीपर्यंत साडेआठच पोचतील. हाताला वाटते, गिअर पूर्ण पडला. आतले कडे मात्र दातांवर अपुरेच चढलेले असते आणि ओझे आले की मागे घसरते. वर मुठीला हीच ढिलाई साडेसात मिलिमीटरांची जाणवते. नखाएवढ्या झिजेने एवढा गोंधळ का उडतो, याचे उत्तर या गुणोत्तरात आहे.

तरीही साखळीला हात लावण्यापूर्वी एक परीक्षा करावयास हवी. गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद ठेवावे, क्लच दाबावा आणि सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावेत. एखादा पडत नसेल, तर गाडी वीतभर पुढे-मागे ढकलून पुन्हा पाहावे, कारण उभ्या गाडीत कधी कधी दातासमोर दात येतो. इंजिन बंद असताना सर्व गिअर सुरळीत पडतात आणि चालू केल्यावर करकरतात, असे आढळले तर दांड्याचा दोष नाही. क्लच पूर्ण सुटत नाही, असा त्याचा अर्थ आहे. या गाड्यांत क्लच तेलाच्या दाबावर चालतो. तेल गळणे, नळीत हवा शिरणे, पेडलची खीळ झिजणे, यांपैकी काहीही झाले तरी चालकाला दोष गिअरच्या दांड्यातच असल्याचा भास होतो.

या जातीच्या इंजिनाचे एक विशेष दुखणेही येथे ध्यानात घ्यावे. क्लच दाबताना इंजिनाचा मुख्य दंड पुढे ढकलला जातो. तो भार पेलण्यासाठी मागील बेअरिंगपाशी अर्धचंद्राकृती चकत्या असतात. त्या फार झिजल्या तर क्लच दाबताच संपूर्ण दंड पुढे सरकतो आणि पेडलचा उपयोग उणावतो. म्हणून एकाने क्लच दाबावा आणि दुसऱ्याने बंद इंजिनाच्या पुढील पुलीकडे पाहावे. पुली डोळ्यांना दिसेल इतकी पुढे-मागे होत असेल, तर गाडी तेथेच थांबवावी. चकती निखळून खाली पडली, तर दंड आणि इंजिनाचा ठोकळा दोन्ही खराब होतात. गिअर अडतो म्हणून दांडा घट्ट करून गाडी हाकणाऱ्यांनी अशी इंजिने घालविलेली आहेत.

आणखी एक करकर दोष नसून स्वभाव आहे. जुन्या हेरल्डमध्ये पहिल्या गिअरला वेग जुळवून देणारे कडे नाही. गाडी चालत असताना पहिला टाकला, तर तो कुरकुरणारच. उभ्या गाडीत क्षणभर दुसरा टाकून मग पहिला टाकण्याची जुन्या चालकांची सवय याच कारणाने पडलेली आहे.

इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तेव्हाच साखळीकडे वळावे. या गाड्यांची रचना येथे कारागिराला अनुकूल आहे. आसनांच्या मधला उंचवटा हे नुसते झाकण असून ते गाडीच्या आतून निघते. पेटी उतरवावी लागली तरी ती याच वाटेने बाहेर येते. हातब्रेक ओढून, चाकांना ओट लावून मूठ व रबरी टोपण काढावे, झाकण सोडावे आणि दांडा हळूहळू हलवून प्रत्येक सांध्याकडे पाहावे. कोणता भाग हलतो आणि त्याच्या पुढचा कोणता स्थिर राहतो, हे पाहिले की ढिलाईची जागा आपोआप उघडी पडते. दांडा कमानीसकट बाहेर काढताना भाग ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवावेत. एखादी चकती उलटी बसली तरी दांडा पुन्हा वाकडा होतो.

तयार बुश मिळाले नाही, तर लेथवर नायलॉनच्या कांबीतून ते कातून घेता येते. काही कारागीर गनमेटलचे बुश बसवितात. तांबे, कथील आणि थोडे जस्त यांचा हा मिश्रधातू. तंजावरपासून तीस-पस्तीस किलोमीटरवरील स्वामिमलैचे स्थपती मेणाच्या साच्यातून ज्या काशाच्या मूर्ती ओततात, त्या काशाचा हा भाऊबंद. कावेरीच्या या मुलखात अशा धातूचे वेड असणे स्वाभाविक आहे. परंतु दांड्याच्या सांध्यात ते शहाणपणाचे नव्हे. गनमेटल टिकेल खरे, पण इंजिनाची थरथर मुठीपर्यंत येईल, आणि बुशाऐवजी झीज पोलादी खिळीची होईल. खीळ मिळविणे बुश मिळविण्याहून कठीण.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. हेरल्डच्या साखळीत फिरवून जुळविण्यासारखे फार थोडे असते. झिजलेला भाग बदलणे हीच तेथील जुळवणी. इतर गाड्यांत असे नाही. जुन्या अँबेसेडरचा आणि प्रीमियर पद्मिनीचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असे व तेथून लांब सळया पेटीकडे जात. त्या झिजल्या की दोन गिअरांच्या मधे अडकत आणि चालक रस्त्यातच बॉनेट उघडून त्या हाताने सोडवी. हे दृश्य महाराष्ट्रातील वाचकांच्याही परिचयाचे आहे. तेथे सळईचे आटे फिरवून लांबी कमी-जास्त करता येते. पोर्शे 911 या जर्मन स्पोर्ट्स गाडीत इंजिन मागे असल्यामुळे सळई गाडीच्या मध्यभागातून मागे जाते. तिच्या सांध्यावरील पकड सैल करून सळई किंचित पिळली की दांड्याची जागा बदलते. अशा जुळवणीचा मोह मोठा असतो. झिजलेल्या बुशासह सळई फिरविली, तर दुसरा गिअर सुधारतो आणि तिसरा बिघडतो, कारण ढिलाई तशीच राहून फक्त तिची बाजू बदललेली असते.

पेटीखालचे रबरी आधार विसरू नयेत. तेल मुरून ते खचले, तर अँबेसेडर किंवा पोर्शेसारख्या गाडीत सळयांचा कोनच बदलतो. हेरल्डमध्ये दांडा पेटीवरच बसलेला असल्यामुळे तो तिच्याबरोबर खाली जातो आणि साखळी शाबूत राहते. पण दांडा झाकणाच्या भोकाच्या कडेला टेकून पूर्ण सरकत नाही. भोकाच्या मध्यापासून तो किती ढळला आहे, हे झाकण काढण्यापूर्वीच पाहून ठेवावे.

सांधे घट्ट आहेत, आधार ठीक आहेत आणि तरीही गिअर सुटतो, असे झाले तरच पेटीचे वरचे झाकण उघडण्याचे कारण उरते. तेथे काट्याचा स्क्रू सैल झाला असेल किंवा सरकदांडीला खाचेत धरणारी स्प्रिंग मेली असेल. सरकदांड्यांच्या मधे काही लहान गोळ्या व खिळी असतात. एक दांडी सरकली की इतर दोन अडवून धरणे, हे त्यांचे काम. परत जोडताना यांतील एकही हरवली, तर दोन गिअर एकाच वेळी पडू शकतात. मग पेटी जागीच जखडते आणि धावत्या गाडीची मागील चाके अडतात. म्हणून झाकण उघडताना खाली स्वच्छ कापड अंथरावे आणि गोळ्या मोजून ठेवाव्यात.

सर्व जोडून झाल्यावर रिव्हर्सचा अडसर तपासावा. दुसऱ्या गिअरकडे जाताना दांडा चुकून रिव्हर्सच्या खाचेत जाऊ नये, यासाठी तो असतो. दांडा पहिल्या-दुसऱ्याच्या बाजूला धरला असता अडसर व दांडा यांमध्ये थोडीच फट राहिली पाहिजे. फट फार ठेवली तर अडसर निरुपयोगी होतो, मुळीच ठेवली नाही तर पहिला गिअर अडतो. मग गाडी रस्त्यावर न्यावी. आधी थंड असताना, मग पेटीतील तेल तापल्यावर, प्रत्येक गिअरमध्ये वेग वाढवून एकदम पाय काढून पाहावे, कारण सुटणारा गिअर बहुधा याच क्षणी सुटतो. शंभरएक किलोमीटर चालल्यावर झाकण पुन्हा काढून सर्व नट एकवार आवळावेत आणि नवे बुश आपल्या जागी बसले आहेत ना, ते पाहून मगच उंचवटा कायमचा बंद करावा.