पुढचा ब्रेक

आमच्या जुन्नर तालुक्यातल्या ओझर-शिरोलीच्या पट्ट्यात मोटरसायकल शिकवायला घरातलंच कोणीतरी असतं. भाऊ, दीर, नवरा, नाहीतर मामाचा मुलगा. मोटार ट्रेनिंग स्कूलची पाटी तालुक्याच्या गावात दिसते, पण तिथं शिकवतात ती चारचाकी. दुचाकीवाला तिथं जातो तो लायसन्सच्या कागदांसाठी. त्यामुळं दुचाकीची विद्या तोंडातोंडीच पुढं चालत आली आहे, आणि तिच्यात एक वाक्य हमखास असतं: "पुढच्या ब्रेकला हात लावायचा नाही, उलटी होशील." माझ्या दिरानं मला तेच सांगितलं. त्याला ते त्याच्या चुलत्यांनी सांगितलं होतं. सांगणाऱ्या प्रत्येकाच्या पोटात मायाच होती, पण त्या वाक्यानं माझा हात मोडला. म्हणून हे लिहिते आहे. आपण माणसाला गाडी पळवायला शिकवतो, थांबवायला शिकवत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. चाळिशी उलटल्यावर मोटरसायकल शिकले, कारण मिस्टरांना चाकणला नोकरी लागली, ते कंपनीच्या बसनं जायला लागले आणि त्यांची स्प्लेंडर पडवीत उभी राहिली. "बाई, स्कूटी घ्या की," असं गावात सगळ्यांनी सुचवलं. स्कूटीचे पैसे त्या वर्षी ठिबकमध्ये गेले होते.

डिसेंबर होता. निवृत्तीनगरच्या विघ्नहर साखर कारखान्याचा हंगाम ऐन भरात. शाळा सुटल्यावर घराकडं निघाले होते, पुढं उसाची डबल ट्रॉली. मागच्या ट्रॉलीला ब्रेकचा दिवा नव्हता. या रस्त्यानं जाणाऱ्याला त्यात नवल वाटू नये. ट्रॅक्टर कशासाठी थांबला कोण जाणे, पण थांबला, आणि मी शिकवल्याप्रमाणं उजव्या पायानं मागचा ब्रेक जीव खाऊन दाबला. रस्त्यावर पाचट पडलेलं, त्यावर चाकांखाली चिरडलेल्या उसाचा चिकटा. मागचं चाक जागच्या जागी जाम झालं, गाडीचं बूड उजवीकडं सरकलं आणि मी डाव्या अंगावर आडवी. घसरत ट्रॉलीच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबले. डावं मनगट मोडलं. हेल्मेटला कानाच्या वर एक लांब ओरखडा पडला. तो कवटीवर पडला असता तर हे लिहायला मी नसते, एवढं सांगून तो विषय सोडते.

प्लास्टर काढेपर्यंत वाचायला वेळ मिळाला. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढं झुकतं. एसटीनं कचकन ब्रेक मारला की उभी माणसं ड्रायव्हरच्या दिशेनं कोसळतात, तसंच. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, त्याची पकड वाढते. मागचं हलकं होतं आणि जरा जोर लावला की जाम होऊन घसरायला लागतं. म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबवण्याचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढच्या चाकाचं. आपण नवख्या माणसाला तेच चाक वापरायची बंदी घालतो!

अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसच्या भागातले सुमारे ९०० मोटरसायकल अपघात जागेवर जाऊन तपासले होते. अहवाल १९८१ सालचा आहे. त्यात मला आमचंच गाव दिसलं. अपघातात सापडलेल्यांपैकी ९२ टक्के लोक आपलं आपण किंवा घरच्यांकडून, दोस्तांकडून शिकलेले. संकटाच्या क्षणी बहुतेकांनी मागचा ब्रेक इतका दाबला की चाक घसरलं, आणि पुढचा पुरेसा वापरलाच नाही.

मग दिराचं वाक्य आलं कुठून? ते निव्वळ खोटं नाही. पुढचा ब्रेक एकदम आवळला, हँडल वळलेलं असताना आवळला किंवा वाळूवर, कचीवर आवळला, तर गाडी पटकन अंगाखालून निघून जाते. कधीतरी कोणीतरी तसा पडला, आणि त्याच्या पडण्याचा नियम झाला. खरा नियम एवढाच: हँडल सरळ, गाडी उभी, आणि ब्रेक आवळत न्यायचा. दोन बोटांनी सुरुवात करायची, वजन पुढं गेल्याचं जाणवलं की जोर वाढवायचा, मागचा सोबतीला. नव्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९पासून एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं, त्याहून मोठ्या गाड्यांना एबीएसच. पण आपल्याकडं शिकायला मिळते ती घरातली जुनी गाडी, आणि तिला यातलं काही नसतं.

हात बरा झाल्यावर मी पहिल्यापासून शिकले, शाळेच्या मैदानावर, रविवारी. सुरुवात इंजिन बंद ठेवून केली. गाडी नुसती ढकलत चालवायची, डावीकडं उजवीकडं वळवायची, स्टँडवर चढवायची-उतरवायची. गाडीचं वजन अंगाला कळलं की निम्मी भीती जाते. मग पहिला गिअर टाकून, रेस न देता, क्लच इतका हळू सोडायचा की गाडी फक्त हलायला लागेल. तिथंच धरायचा, परत दाबायचा. क्लच पकडतो ती जागा डाव्या हाताला झोपेत सापडली पाहिजे. घाईनं पहिल्याच दिवशी चौथ्या गिअरपर्यंत पोचणाऱ्या पोरांचं कौतुक होतं. मला विचाराल तर त्यांना अजून काही आलेलं नसतं. हळू चालवणं अवघड असतं. माणसाच्या चालीनं, पाय न टेकवता, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी नेऊन दाखवा म्हणावं. आरटीओच्या चाचणीतला आठचा आकडाही हेच मागतो.

उजव्या मनगटाकडं कोणी लक्ष देत नाही. मनगट मुठीच्या वर उचललेलं ठेवलं तर घाबरल्यावर हात आवळला जातो, मूठ आपोआप मागं फिरते आणि थांबायच्या ऐवजी गाडी उसळी घेते. पहिल्या आठवड्यात कुंपणात घुसणारे बहुतेक असेच घुसतात. मनगट खाली, सपाट ठेवायचं, आणि गडबड झाली की आधी क्लच.

मग ब्रेक. मैदानात एक वीट ठेवली. ताशी वीसच्या वेगानं यायचं, विटेपाशी ब्रेक लावायला सुरुवात करायची आणि कुठं थांबलो तिथं खूण करायची. आधी फक्त मागचा, मग फक्त पुढचा हलकेच, मग दोन्ही. खुणा एकमेकींपासून किती लांब पडतात ते बघितलं की कोणाच्या सांगण्याची गरज राहत नाही. दीर बांधावर बसून बघत होता. त्यानं नंतर स्वतः विटेवर गाडी घातली आणि काही बोलला नाही. आता पुतण्याला तो दोन्ही ब्रेक शिकवतो.

नजर तर सगळ्यात फसवी. खड्ड्याकडं बघितलं की गाडी खड्ड्यातच जाते, कारण खांदे आणि हात नजरेमागं वळतात. जिथून जायचं त्या मोकळ्या पट्टीकडं बघायचं. वळणावर वळण संपतं तिकडं. वळणाच्या आधीच वेग उतरवून घ्यायचा, वळणात शिरल्यावर ब्रेकची वेळ येऊ द्यायची नाही.

एक भानगड फार कमी लोक सांगतात. स्प्लेंडरचे सगळे गिअर पुढं दाबून पडतात, टाचेनं मागं येतात. पल्सरसारख्या गाडीला पहिला खाली आणि बाकीचे वर. स्प्लेंडरवर हात बसलेला माणूस चुलतभावाची पल्सर घेऊन निघतो, वरचा गिअर टाकायला सवयीनं पाय खाली दाबतो, गाडी चांगल्या वेगात असताना खालच्या गिअरमध्ये येते आणि मागचं चाक हिसका देतं. हर्ट यांच्या अहवालात हेही आहे: अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांहून कमी अनुभव होता, जरी रस्त्यावरचा एकूण अनुभव जवळजवळ तीन वर्षांचा होता. लग्नसराईत एकमेकांच्या गाड्या घेऊन फिरणाऱ्या पोरांनी हे ध्यानात घ्यावं. दुसऱ्याची गाडी म्हणजे आपण पुन्हा नवशिके.

मैदानातून रस्त्यावर आलं की आपल्या भागाचा वेगळा अभ्यास सुरू होतो. हंगामात कारखान्याकडं जाणारी टायरगाडी, जुगाड, डबल ट्रॉली यांच्या मागं चिकटायचं नाही. पुढची गाडी विजेच्या खांबापुढून गेली की सावकाश दोनदा "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं. ते संपायच्या आत आपण खांबापाशी पोचलो तर आपण फार जवळ आहोत. ताशी चाळीसनं जाताना गाडी सेकंदाला ११ मीटर कापते, साठनं जवळपास १७. आपलं डोकं 'ब्रेक' म्हणेपर्यंत एक-दीड सेकंद जातो, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. डबल ट्रॉली डावीकडून कधीच ओलांडायची नाही; ऊस बाजूला बाहेर आलेला असतो, मागची ट्रॉली हेलकावते आणि ट्रॅक्टरवाला शेतात वळताना हात दाखवेलच असं नाही. उजवीकडून ओलांडायचं तर आधी मागं राहून समोरचा रस्ता दिसेपर्यंत थांबायचं. दहा मिनिटं ऊस बघत गेलं तर बिघडत नाही.

रात्री बैलगाडीला दिवा नसतो. समोरच्याचा अप्पर डोळ्यांवर आला की त्या उजेडापलीकडं काय आहे ते आपल्याला दिसत नाही, तरी आपण त्याच वेगानं पुढं जातो. तिथं वेग कमी करायचा आणि नजर रस्त्याच्या डाव्या कडेला ठेवायची. कुकडीच्या आणि येडगाव धरणाच्या फुगवट्याकडेनं थंडीत पहाटे धुकं उतरतं, त्यातही तेच. आणि बिबट्या. जुन्नर तालुक्यात याची थट्टा कोणी करत नाही. माणिकडोहचं निवारा केंद्र काही उगाच उभं राहिलेलं नाही. दुचाकीवर तो झेपावल्याच्या बातम्या आपण वाचतो. अंधार पडल्यावर दोन्ही बाजूंना ऊस असलेल्या रस्त्यानं शिकाऊ माणसानं एकट्यानं जाऊच नये.

पावसाळ्यात पहिली सर सगळ्यात घातकी, कारण महिनोन्महिने सांडलेलं तेल आणि धूळ तिच्याबरोबर वर येते. पुढं शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेला काळा चिखल. तो दिसला की ब्रेक चिखलाच्या आधी, चिखलात फक्त सरळ जायचं. चतुर्थीला, त्यातून अंगारकी असली तर, अष्टविनायकाच्या गाड्या ओझरच्या विघ्नहराच्या कमानीकडं बघत येतात, रस्त्याकडं नाही. त्या दिवशी शिकायला बाहेर पडू नये.

कायद्याचं थोडक्यात. गिअरच्या गाडीला वय १८ पूर्ण लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं, पक्क्यासाठी ३० दिवसांनंतर अर्ज करता येतो. मधल्या काळात लाल 'एल' लावायचा आणि मागं बसवायचं तर फक्त लायसन्स असलेल्या शिकवणाऱ्याला. अल्पवयीन पोराच्या हातात गाडी सापडली तर २०१९च्या दुरुस्तीनंतर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड होऊ शकतो, शिवाय त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. दहावीच्या निकालाला गाडी घेऊन देणाऱ्या वडिलांना मी हे शाळेच्या पालकसभेत सांगते. निम्मे हसतात.

राहिलं मागं बसणाऱ्याचं, म्हणजे बहुतेक वेळा बाईचं. २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे. हेल्मेट नसलेले ५०,०२९, आणि त्यांतले १४,३३७ मागं बसलेले. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट आणि मागची बायको मोकळी, हे दृश्य आपल्याला खुपत नाही. आयएसआयचा शिक्का बघून दोन हेल्मेटं घ्यावीत आणि पट्टा हनुवटीखाली लावावा. नुसतं डोक्यावर ठेवलेलं पहिल्याच आदळण्यात उडून जातं. चार वर्षांखालच्या मुलाला पट्ट्यानं बांधून, त्याच्या मापाचं हेल्मेट घालून, ताशी चाळीसच्या आत न्यायचं, असाही नियम आता आहे. पदर आणि ओढणी खोचलेली हवी. चाकाला साडी गार्ड असलं तरी वाऱ्यावर सुटलेलं टोक त्याच्यामागून आऱ्यांत शिरतं.

माझ्या सासूबाई एका बाजूनंच बसतात, दोन्हीकडं पाय टाकून बसायला त्या तयार नाहीत. त्यामुळं गाडीचा तोल एकीकडं राहतो. त्यांना घेऊन नारायणगावच्या बाजाराला पहिल्यांदा निघाले त्याच्या आदल्या दिवशी मैदानात नेलं. मागच्या टायरमध्ये गाडीच्या पुस्तकात दोघांसाठी लिहिलेली हवा भरली, त्यांना बसवलं आणि विटेवर ब्रेक मारून बघितला. एकटीनं मारते त्याहून गाडी बरीच पुढं जाऊन थांबली. सासूबाईंनी माझा खांदा इतका घट्ट धरला की वळ उठले, आणि हेल्मेटच्या आतून विचारलं, अजून किती वेळा? मी म्हटलं, "आत्या, अजून दोनदा."