करड्या छटेतला लाल

वाशीम जिल्ह्यातील कारंजा तालुक्यात असलेल्या कामरगावसारख्या गावांत भिंतीवर किंवा ट्रंकेच्या तळाशी जपलेली कृष्णधवल छायाचित्रे रंगवण्याची हौस आता मोबाइलवरही भागते. मात्र असे चित्र घरातल्या वृद्धांपुढे ठेवले की "लुगडं या रंगाचं नव्हतंच" हे हमखास ऐकावे लागते, आणि त्याचे मूळ पुष्कळदा जुन्या फिल्मच्या स्वभावात असते.

ऑर्थोक्रोमॅटिक फिल्म, म्हणजे निळ्या-हिरव्या प्रकाशाला प्रतिसाद देणारी पण लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळी असलेली फिल्म, तांबड्या दिव्याच्या उजेडात धुता येत असल्याने स्टुडिओवाल्यांना सोयीची होती; त्यामुळे सर्व रंग टिपणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा 1906 पासून विकत मिळत असूनही ती दीर्घकाळ टिकून राहिली. तिच्यावर कुंकू काळे पडते, निळे आकाश पांढरे फटक होते आणि उन्हात रापलेला चेहरा मुळाहून अधिक सावळा उमटतो. केशवपन केलेल्या विधवा नेसत ते तांबडे आलवणही तिच्यावर काळसर दिसते, आणि रंग आपोआप भरणारी प्रणाली त्याला खुशाल गडद निळे ठरवू शकते. जेसन अँटिक यांनी 2018 साली खुली केलेली डीओल्डिफाय किंवा तिच्यासारखी प्रणाली असंख्य रंगीत चित्रे करडी करून त्यांवर शिकलेली असते. ती रंग ओळखत नाही, संभाव्य रंग सुचवते, आणि विधवेचे वस्त्र चुकले की नातवंडांपुढे त्या बाईचे आयुष्यच वेगळे उभे राहते.

हाताने रंग भरणारा फोटोशॉपमध्ये मूळ चित्रावर वेगळा लेयर, म्हणजे पारदर्शक थर, घेऊन त्याचा ब्लेंड मोड 'कलर' ठेवतो; या पद्धतीत रंगाची जात व तीव्रता वरच्या थराची, तर उजळपणा खालच्या चित्राचा राहतो. म्हणूनच काळ्या पडलेल्या कुंकवावर कितीही लाल फिरवला तरी ते काळपटच दिसते, आणि आधी तेवढाच भाग कर्व्हज् हे साधन वापरून उजळावा लागतो, ही गोष्ट शिकवणीच्या चित्रफितींत क्वचितच सांगितली जाते. त्वचेसाठी एकच गव्हाळ रंग सर्वत्र ओतणे ही दुसरी नेहमीची चूक होय: शेतकऱ्याचे पागोट्याखालचे कपाळ फिके, गाल तांबूस आणि मनगटापुढचा हात करपलेला असतो.

काही अ‍ॅप रंगासोबत चेहराही "सुधारतात", म्हणजे नसलेल्या पापण्या व दात घडवतात, आणि हे अधिक घातक आहे. कंबोडियातील तुओल स्लेंग तुरुंगातील बळींची रंगवलेली छायाचित्रे 2021 मध्ये एका लेखात प्रसिद्ध झाली, तेव्हा काहींच्या ओठांवर हसू चढवल्याचे उघड होऊन तो लेख मागे घ्यावा लागला.

यास्तव स्कॅन केलेली मूळ फाइल जशीच्या तशी वेगळी ठेवून, लुगडे, खण, दाराची चौकट यांचा रंग जाणत्यांना प्रत्यक्ष विचारून घ्यावा, आणि कोणता रंग कोणी सांगितला व कोणता तर्काने भरला याची नोंद फाइलसोबतच ठेवावी. वऱ्हाडात घरोघरी आढळणारे गाडगेबाबांचे छायाचित्र या दृष्टीने चांगली कसोटी ठरते, कारण त्यांच्या अंगावरच्या चिंध्यांपैकी कोणता तुकडा कोणत्या रंगाचा होता हे करड्या छटेवरून कोणालाच सांगता येणार नाही. तेथे रंगीबेरंगी ठिगळांचा मोह आवरून फिका मातकट रंग देणे, किंवा वस्त्र करडेच सोडणे, अधिक प्रामाणिक होय.