शेततळ्यातल्या शिंपल्यांनी शिकवलेलं

कापूस, तूर, बाजरी, ऊस ही शेवगाव तालुक्याची ओळख. इथे मोत्यांची शेती म्हटलं की लोक अजून वळून बघतात. उत्तरेकडच्या गावांना नाथसागराचा फुगवटा टेकलेला आहे, बाकीच्यांचा जीव पावसावर. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली आणि आमच्या भागात बांधाबांधाला निळ्या-काळ्या कागदाची तळी दिसू लागली. आमच्याही तळ्यात मी सहा वर्षांपासून गोड्या पाण्यातले शिंपले वाढवते. शिंपल्यात मोत्याचा साचा बसवायचा, नायलॉनच्या जाळीत दोन-दोन शिंपले घालून मीटरभर खोल टांगायचे आणि वर्ष-दीड वर्ष वाट बघायची. बाहेरून काम एवढंच दिसतं. खरं काम असतं पाण्यावर नजर ठेवण्याचं, आणि ते मी नुकसान सोसून शिकले.

१. हिरवं पाणी सगळं एकसारखं नसतं

शिंपला दिवसभर पाणी ओढतो, गाळतो, त्यातलं बारीक शेवाळ खातो आणि पाणी सोडून देतो. म्हणून हलकं हिरवं पाणी हवंच. पण त्यातच नील-हरित शेवाळ असतं. तेही सगळं वाईट नाही. गोळ्यांच्या रूपात विकली जाणारी स्पिरुलिना नील-हरितच, आणि भातशेतीत तर ते खत म्हणून वापरतात. भीती आहे ती मायक्रोसिस्टिससारख्या जातींची. त्यातून मायक्रोसिस्टिन नावाचं, यकृतावर घाव घालणारं विष तयार होऊ शकतं. एकाच जातीतलं काही शेवाळ विष करतं, काही करत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. म्हणून प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत मी ते विषारीच धरते.

२. बाटली आणि काठी घरात ठेवा

पहिल्या वर्षी पाण्यावर हिरवी साय दिसली तेव्हा माझे सासरे, आण्णा, म्हणाले, “सूनबाई, हे आपलं नेहमीचं शेवाळ न्हाई. हे हाताला धागा देत न्हाई.” आण्णांनी बोटाच्या चिमटीत धरून बघितलं होतं. त्यांचं निरीक्षण अचूक होतं, पण हात घालायला नको होता. आता आम्ही काठी फिरवतो. काठीला केसांसारखे लांब धागे गुंडाळून आले तर ते साधं हिरवं शेवाळ. काठीला ऑइलपेंटसारखा लेप बसला तर सावध व्हायचं.

दुसरी पारख बाटलीची. हातमोजे घालून पारदर्शक बाटली पाऊण भरायची, झाकण लावायचं आणि रात्रभर न हलवता ठेवायची. सकाळी हिरवा थर तळाशी बसलेला असेल तर बहुधा काळजी नाही. वर तरंगून काचेला कडं धरलं असेल तर ते बहुधा नील-हरित; त्याच्या पेशींत हवेचे बारीक कप्पे असतात, ते त्याला वर उचलतात. पहिल्यांदा मी ते कडं बघितलं तेव्हा वर बोटभर जाड हिरवी साय होती आणि खालचं पाणी जवळजवळ नितळ. बाटलीनं विष कळत नाही, पण धावपळ कधी करायची ते कळतं.

३. नमुना दोन ठिकाणचा घ्या

साय वाऱ्याबरोबर सरकते. पश्चिमेचा वारा सुटला की आमच्या तळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात ती गोळा होते. पश्चिमेच्या काठावर उभं राहून “पाणी चांगलंय” म्हणणं म्हणजे स्वतःची फसवणूक. मी एक नमुना सायीच्या कोपऱ्यातून घेते आणि दुसरा जाळ्या टांगल्या आहेत त्या खोलीवरून. पहिला सांगतो संकट केवढं आहे, दुसरा सांगतो माझे शिंपले नेमकं काय पितात. दोन्ही बाटल्या काळ्या पिशवीत, बर्फात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पाठवते.

४. पहाटेचं पाणी खरं बोलतं

दाट शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं आणि रात्री स्वतःच ओढून घेतं. दुपारी मीटर झकास आकडा दाखवतो, पहाटे पाचला तोच आकडा लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या खाली गेलेला असतो. त्यामुळे माझी मोजणी उजाडण्याआधी. पारदर्शकतेसाठी काळ्या-पांढऱ्या भागांची २० सेंटिमीटरची थाळी दोरीला बांधून सोडते. ही युक्ती इटलीच्या सेक्की यांनी १८६५ मध्ये वापरली, आणि ती आजही कोणत्याही यंत्राइतकी कामाची आहे. थाळी ३०-४० सेंटिमीटरवर दिसेनाशी झाली तर ठीक. २० च्या आतच गडप झाली तर शेवाळ माजलंय. सामू दुपारी ९ च्या वर चढला तर तीही तीच खूण.

५. साय दिसली म्हणून मोरचूद टाकू नका

हा धडा मला सगळ्यात महाग पडला. एप्रिलचा शेवट, पाणी निम्म्यावर, वर जाड साय. ओळखीतल्या एकानं सांगितलं, मोरचूद विरघळवून फवारा, दोन दिवसांत पाणी स्वच्छ. तसं झालंही. पाणी स्वच्छ झालं आणि चौथ्या दिवशी जाळी वर ओढली तर शिंपले उघडे, आत मऊ पडलेले. मोरचुदानं पेशी फुटतात आणि आतलं विष पाण्यात मोकळं होतं. मेलेलं शेवाळ कुजताना प्राणवायू खातं. शिवाय मोरचुदातलं तांबं शिंपल्याला स्वतःच घातक. पाणी वाईट असलं की शिंपला तोंड मिटून घेतो, पण किती दिवस मिटणार? कधी ना कधी त्याला उघडावंच लागतं.

आता साय दिसली की कापडानं अलगद ओढून काढते, दूर खड्ड्यात पुरते, रात्री एरेटर चालवते आणि जमलं तर विहिरीचं पाणी घालते.

६. रोगाचं मूळ बांधावर असतं

नील-हरित शेवाळ माजायला ऊन, थांबलेलं पाणी आणि स्फुरद लागतं. ऊन आपल्या हातात नाही, स्फुरद आहे. उसाला टाकलेलं डीएपी पहिल्या पावसात वाहून तळ्यात उतरत होतं. आम्ही चर खणून ते पाणी वळवलं. शेवाळ वाढावं म्हणून शेणाची स्लरी आणि सुपर फॉस्फेट मी अंदाजानं ओतायचे, आता थाळी बघून घालते. मोठ्या जलाशयाचीही हीच गोष्ट आहे. गोदावरी आणि प्रवरा वाटेतल्या गावांचं सांडपाणी आणि शेतांतलं खत घेऊनच नाथसागरात उतरतात.

७. शिंपला जे पितो ते साठवतो

मोती काढल्यावर उरलेलं मांस लोक कोंबड्यांना घालतात, काही जण खातातही. ज्या हंगामात साय आली, त्या हंगामात मी ते कुणालाही देत नाही. विष मुख्यतः शिंपल्याच्या पाचकग्रंथीत साठतं आणि शिजवल्यानं जात नाही. समुद्रातही हेच घडतं, फक्त शेवाळ वेगळं आणि विष वेगळं. १९९७ मध्ये केरळातल्या विळिंजमला शिनाणे खाऊन ७ जण दगावले आणि ५०० हून जास्त लोक आजारी पडले. शिंपल्यांतलं असं एक समुद्री विष म्हणजे सॅक्सिटॉक्सिन; कोडेक्सच्या जागतिक अन्न-मानकात त्याची मर्यादा किलोभर मांसात अवघी ०.८ मिलिग्रॅम आहे. शिंपल्याचा वास, चव, रंग यांतून यातलं कोणतंच विष कळत नाही. आधी पाणी तपासणं हाच मार्ग.

८. उकळल्यानं भागत नाही

सायीचं पाणी गुरांना दाखवू नका. त्यांना तहान कळते, विष कळत नाही. आणि घरात “उकळून घेतलंय” म्हणून निर्धास्त राहू नका; मायक्रोसिस्टिन उकळल्यानं मोडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं रोजच्या पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम ठरवली आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असंच पाणी डायलिसिसला वापरलं गेलं आणि ५० हून अधिक रुग्ण गेले.

९. वही बंद करू नका

माझ्या वहीत रोज सहा रकाने भरतात: वेळ, वारा, थाळी, सामू, प्राणवायू, बाटली. मोरचुदाच्या त्या वर्षीची पानं नंतर उलटून पाहिली तेव्हा दिसलं, साय येण्याआधी नऊ दिवस थाळी रोज थोडी थोडी वर सरकत होती. आकडे मीच लिहिले होते, ओळीनं वाचले नव्हते. आता दर रविवारी संध्याकाळी आण्णा आणि मी आठवड्याचं पान मोठ्यानं वाचतो. शिंपल्याला पाणी निवडता येत नाही. जाळीत बांधून त्याला तिथे टांगलंय मी, म्हणून ते पाणी बघणं माझं काम आहे.