स्काऊट-गाईड चळवळीचा जमाखर्च : परभणी जिल्ह्याच्या संदर्भात एक अभ्यास

स्काऊट-गाईड हे नाव घेताच गळ्यातील स्कार्फ, शिस्तबद्ध संचलन आणि शिबिरातील शेकोटी डोळ्यांसमोर उभी राहते. या चित्राला दुसरीही एक बाजू आहे व ती म्हणजे चळवळीचा जमाखर्च. तंबू कोठून येतात, शिबिरातील शिधा कोण पुरवितो, शिक्षकाच्या प्रशिक्षणाचा भार कोण उचलतो आणि ज्या पालकाला गणवेश परवडत नाही त्याच्या मुलाचे काय होते, या प्रश्नांची उत्तरे जेथे नीट दिली जातात तेथे पथके टिकतात. जेथे दिली जात नाहीत तेथे पथक केवळ नोंदवहीत उरते. शिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि पंचायत सदस्य यांच्या हाती या उत्तरांचा मोठा भाग असल्यामुळे या विषयाचा विचार त्यांच्या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका

लॉर्ड बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर सुमारे २० मुलांचे एक प्रायोगिक शिबिर भरविले. या मुलांत सधन घरांतील व कामकरी वस्तीतील मुले एकत्र होती, ही गोष्ट आजही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भारतात स्काऊटिंगचा आरंभ १९०९ साली झाला. परंतु प्रारंभी त्याची दारे भारतीय मुलांना खुली नव्हती. डॉ. ॲनी बेझंट, पंडित मदनमोहन मालवीय, पंडित हृदयनाथ कुंझरू, श्रीराम वाजपेयी आदींनी भारतीय मुलांसाठी स्वतंत्र संघटना उभ्या केल्या. स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या संघटनांचे एकीकरण होऊन ७ नोव्हेंबर १९५० रोजी ‘भारत स्काऊट्स आणि गाईड्स’ ही संस्था अस्तित्वात आली व १५ ऑगस्ट १९५१ रोजी मुलींची गाईड संघटनाही तीत सामील झाली. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये नोंदलेली ही संस्था स्वेच्छेवर आधारलेली, राजकारणापासून अलिप्त व शैक्षणिक स्वरूपाची आहे. शासन तिला साहाय्य करते, पण ती शासनाचे खाते नव्हे. तिच्या अर्थव्यवहाराचा विचार करताना हा भेद प्रथम लक्षात घेतला पाहिजे.

हे एकीकरण झाले तेव्हा परभणी जिल्हा हैदराबाद राज्यात होता. स्वतंत्र भारतातील पहिली राष्ट्रीय जांबोरी १९५३ साली भरली, ती हैदराबाद येथेच. १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात व १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. १९६२ साली जिल्हा परिषद स्थापन झाल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार तिच्याकडे गेला. १९९९ साली हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतर परभणी, गंगाखेड, सोनपेठ, पालम, पूर्णा, पाथरी, मानवत, सेलू व जिंतूर हे नऊ तालुके परभणी जिल्ह्यात राहिले. २०११ च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार असून तीतील दोन-तृतीयांशाहून अधिक लोक ग्रामीण भागात राहतात. सबब जिल्ह्यातील या चळवळीचे यशापयश शेवटी खेड्यातील शाळेतच ठरावयाचे आहे.

कार्यक्रमाचे स्वरूप

प्राथमिक शाळेतील मुलांसाठी कब व मुलींसाठी बुलबुल, दहा वर्षांवरील मुलामुलींसाठी स्काऊट व गाईड आणि महाविद्यालयीन वयातील युवक-युवतींसाठी रोव्हर व रेंजर असे या कार्याचे विभाग आहेत. सहा ते आठ मुलांचा एक संघ, त्याचा एक संघनायक व अशा काही संघांचे मिळून एक पथक, ही त्याची मूळ रचना होय. संघनायक हा मुलांपैकीच एक असतो. जबाबदारी देऊन जबाबदारी शिकविणे हे या पद्धतीचे मर्म आहे.

स्काऊट-गाईड विभागात प्रवेशानंतर प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान आणि पुढे राज्य पुरस्कार व राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या आहेत. गाठी बांधणे, प्रथमोपचार, नकाशावाचन, मार्गावरील खुणा ओळखणे, तंबू उभारणे, बिनभांड्यांचा स्वयंपाक, सर्वधर्म प्रार्थना आणि समाजसेवा हे विषय त्यांत क्रमाक्रमाने येतात. परभणीसारख्या जिल्ह्यात हे शिक्षण पुस्तकी राहण्याचे कारण नाही. गोदावरी, पूर्णा व दुधना या नद्यांच्या काठच्या गावांना पुराचा धोका असतो. तेथे दोराच्या गाठी व बचावाचे प्राथमिक ज्ञान उपयोगी पडते. शेतात सर्पदंशाचे व उन्हाळ्यात उष्माघाताचे प्रसंग येतात. तेथे काय करावे याइतकेच काय करू नये हे ठाऊक असलेले मूल घराला आधार ठरते. शेगावहून पंढरपूरकडे जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी परभणी व गंगाखेडवरून जाते. पोखर्णीची यात्रा, परभणीचा उरूस हे मोठे मेळे जिल्ह्यात भरतात. पाणी देणे, चुकलेल्या मुलांना पालकांपर्यंत पोचविणे, स्वच्छता राखणे अशा सेवेची संधी या सर्व ठिकाणी आहे.

उत्पन्नाच्या बाजू

या कार्यासाठी पैसा मुख्यतः पाच मार्गांनी येतो. पहिला मार्ग सभासदांच्या वार्षिक नोंदणी शुल्काचा. शाळेत जमा होणाऱ्या या रकमेतील काही भाग पथकाच्या वरच्या स्तरांकडे जातो. दुसरा मार्ग ‘खरी कमाई’चा. मुलांनी प्रत्यक्ष काम करावे व त्या श्रमाचा मोबदला पथकाच्या निधीत जमा करावा, अशी ही योजना आहे. तिसरा मार्ग ७ नोव्हेंबरच्या स्थापनादिनानिमित्त होणाऱ्या ध्वज-स्टिकरांच्या विक्रीचा. चौथा शासन व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या साहाय्याचा आणि पाचवा देणग्यांचा.

यांपैकी खरी कमाईकडे विशेष लक्ष द्यावयास हवे. काटकसर हा स्काऊटच्या नियमांपैकी एक नियम असून खरी कमाई हा त्याचा प्रत्यक्ष पाठ आहे. शेजाऱ्याची बाग साफ करणे, दुकानातील माल लावून देणे, सायकली पुसणे अशी कामे करून मिळालेले दहा रुपये आणि वडिलांकडून मागून आणलेले दहा रुपये वहीत सारखेच दिसतात. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र त्यांत महदंतर आहे. प्रत्येक मुलावर ठरावीक रकमेचे उद्दिष्ट लादले की पालक पाकिटात पैसे घालून देतात आणि योजनेचा आत्माच नाहीसा होतो. तेव्हा वहीत रकमेच्या शेजारी कामाचीही नोंद असावी.

एका पथकाचे अंदाजपत्रक

उदाहरणादाखल चार संघांचे, ३२ मुलांचे एक पथक घेऊ. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. प्रत्येकी ५० रुपये वर्गणीचे १,६०० रुपये, प्रत्येकी ४० रुपयांप्रमाणे खरी कमाईचे १,२८० रुपये, शिबिरासाठी पालकांनी दिलेले प्रत्येकी १०० रुपयांप्रमाणे ३,२०० रुपये आणि गावातून मिळालेली ५,००० रुपयांची देणगी मिळून वर्षाची जमा ११,०८० रुपये होते. खर्चाच्या बाजूस तीन दिवसांच्या शिबिराचे भोजन दरडोई दररोज ८० रुपयांप्रमाणे ७,६८० रुपये, दोर, काठ्या व प्रथमोपचार पेटी यांसाठी १,५०० रुपये, नोंदणीतील वरच्या स्तरांचा वाटा ८०० रुपये व प्रवास ७०० रुपये मिळून १०,६८० रुपये खर्च होतो. शिल्लक राहते ती ४०० रुपयांची.

या आकड्यांवरून दोन गोष्टी निदर्शनास येतात. वर्गणी व खरी कमाई यांची बेरीज २,८८० रुपये असून ती एकट्या शिबिरभोजनाच्या निम्म्याइतकीही नाही. म्हणजेच गावाचा हातभार लागल्यावाचून शिबिर होऊ शकत नाही. दुसरे असे की, देणगी एका वर्षी मिळाली व पुढील वर्षी मिळाली नाही, तर पथकाचा कार्यक्रम तत्काळ निम्म्यावर येतो. मोठ्या पण अनिश्चित देणगीपेक्षा लहान पण दरवर्षी मिळणारे साहाय्य पथकाला अधिक उपकारक ठरते.

वहीत न दिसणारा खर्च

उपरोक्त अंदाजपत्रकात गणवेशाचा उल्लेख नाही, कारण तो पथकाच्या वहीत येत नाही. तो पालकाच्या खिशातून जातो. एका गणवेशास ८०० रुपये लागतात असे धरल्यास ३२ मुलांचा खर्च २५,६०० रुपये होतो. पथकाच्या संपूर्ण वार्षिक जमेच्या दुपटीहून ही रक्कम अधिक आहे! शेतमजुराच्या किंवा ऊसतोड कामगाराच्या मुलाला चळवळीपासून दूर ठेवणारी भिंत बहुधा हीच असते. ते मूल नकार देत नाही. ते केवळ नाव नोंदवीत नाही. म्हणून या अडचणीची कोठेही नोंद होत नाही.

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या बालकाच्या शिक्षणाआड कोणतीही फी येऊ नये, हे त्याचे तत्त्व आहे. स्काऊटची वर्गणी ऐच्छिक असली, तरी ती न देणारे मूल वर्गात वेगळे पडणार नाही याची काळजी त्या तत्त्वानुसार घेतली पाहिजे. राज्य शासनाने २०२४-२५ या वर्षाकरिता शासकीय व स्थानिक संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांच्या दोन मोफत गणवेशांपैकी एक स्काऊट-गाईडला अनुरूप ठेवण्याचे ठरविले होते. शिलाई व वितरण यांत विलंब झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये गणवेशाची जबाबदारी २०२५-२६ पासून पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. या अनुभवातून घेण्याजोगा बोध असा की, गणवेश मिळाल्याने पथक उभे राहत नाही, आणि गणवेश नाही म्हणून पथक अडताही कामा नये. प्रारंभी स्कार्फवर काम भागवावे. मोठ्या झालेल्या मुलांचे जुने गणवेश धुऊन, दुरुस्त करून शाळेत ठेवावेत व ते धाकट्यांना नोंद करून द्यावेत. अशी गणवेशपेढी चालविण्यास कपाटातील एक खण व एक वही पुरेशी आहे.

वहीत न दिसणारा दुसरा खर्च शिक्षकाच्या वेळेचा. स्काऊट मास्टर किंवा गाईड कॅप्टन होणाऱ्या शिक्षकास प्राथमिक व प्रगत प्रशिक्षण घ्यावे लागते. पुढे हिमालय वूड बॅजपर्यंत जाता येते. शिवाय शाळा सुटल्यावरचे तास व सुट्टीचे दिवस त्यास द्यावे लागतात. असा शिक्षक बदलून गेला की पथक बहुधा विस्कळित होते. म्हणून प्रत्येक केंद्रात एकाऐवजी दोन शिक्षक प्रशिक्षित असणे हितावह होय.

हिशेबाची शिस्त

सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदलेल्या संस्थेस महाराष्ट्रात १९५० च्या संबंधित अधिनियमान्वये नियमित हिशेब ठेवणे व त्यांचे लेखापरीक्षण करून घेणे बंधनकारक आहे. शासकीय अनुदान मिळाल्यास ते ज्या कामासाठी मिळाले त्याच कामी खर्च झाल्याचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. जिल्हा पातळीवरील ही शिस्त पथकापर्यंत पोचली पाहिजे. प्रत्येक जमेला पावती, प्रत्येक खर्चाला प्रमाणक, रोकडवहीत त्याच दिवशी नोंद आणि रक्कम बँक वा टपाल खात्यात, हे चार नियम पाळले म्हणजे पथकाचा हिशेब निर्दोष राहतो. संघनायकांच्या सभेत महिन्याचा जमाखर्च वाचून दाखवावा व वर्षअखेरीस तो शाळेच्या सूचनाफलकावर लावावा. आपण मिळविलेल्या दहा रुपयांचे काय झाले हे ज्या मुलाला समजते, ते उद्या ग्रामसभेत गावाच्या हिशेबाविषयी प्रश्न विचारण्यास कचरणार नाही. लोकशाहीच्या दृष्टीने याहून मोठे शिक्षण कोणते?

जिल्ह्याच्या दृष्टीने काही विचार

जिल्ह्याच्या दक्षिण भागातून, विशेषतः गंगाखेड, पालम व सोनपेठ या तालुक्यांतून, दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी स्थलांतर करतात व उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिबिरे व मेळावे हिवाळ्यात होतात. म्हणजे नेमक्या त्याच काळात ही मुले गावात नसतात. अशा शाळांनी आपले मुख्य कार्यक्रम जून ते सप्टेंबर या महिन्यांत घ्यावेत. वृक्षारोपण, प्रथमोपचार, गाठी, शाळेच्या खोलीतील एक दिवसाचे शिबिर यांस पावसाळा आड येत नाही. यासाठी जादा पैसा लागत नाही. वेळापत्रक तेवढे बदलावे लागते.

साहित्याच्या बाबतीत केंद्रातील शाळांनी एकत्र यावे. तंबू वर्षातून मोजकेच दिवस लागतात. प्रत्येक शाळेने ते विकत घेण्याऐवजी केंद्रशाळेत ठेवून आळीपाळीने वापरल्यास खर्च विभागला जातो. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवावयाची असते. नियमांच्या मर्यादेत गाईड पथकातील मुलींच्या प्रशिक्षणाचा विचार तीतून करता येईल. समग्र शिक्षा योजनेत शाळेतील युवा व पर्यावरण मंडळांसाठी तरतूद आहे. त्या मंडळाचे व पथकाचे उपक्रम एकमेकांस पूरक आखल्यास दोहोंचा लाभ होईल.

सारांश, या चळवळीस लागणारा पैसा फार नाही. परंतु तो वेळेवर, नियमित व उघड हिशेबाने लागतो. पंचायत सदस्यांनी वर्षारंभी पथकाचे अंदाजपत्रक मागवून घ्यावे, मुख्याध्यापकांनी वर्षअखेरीस त्याचा हिशेब गावापुढे ठेवावा आणि दोघांनी मिळून एक प्रश्न अवश्य विचारावा : गावातील कोणते मूल केवळ पैशाअभावी या पथकाबाहेर राहिले? त्या मुलाचे नाव कळले व पुढील वर्षी ते पथकात आले, तर तो जमाखर्च खऱ्या अर्थाने जुळला असे म्हणता येईल.