लंडनला जाताना वेळ जास्त का लागतो?

प्रश्न : मुलगी लंडनला असते. मुंबईहून विमानाने अंतर किती? जाताना वेळ जास्त, येताना कमी, असं का?
– एक वाचक, इनामगाव (ता. शिरूर)

उत्तर : सरळ हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. थेट विमानाला जाताना साधारण दहा तास लागतात, येताना नऊ. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच जोरात. येताना ते विमानाला पाठीमागून रेटतात, जाताना समोरून अडवतात. एखाद्या देशाचं आकाश बंद असलं तर वळसा पडतो, तो वेगळाच.

तिकिटावरच्या वेळा त्या-त्या शहरातल्या असतात. लंडनचं घड्याळ हिवाळ्यात साडेपाच, उन्हाळ्यात साडेचार तास मागे. त्यामुळे नुसती वजाबाकी करू नका. विमानतळावर तीन तास आधी पोहोचा.