अरबीचा ‘स्ट्रीक’ आणि आखातातली नोकरी

आखातात जायचं म्हणून मुलगा मोबाईलवर अरबी शिकतो आणि घरच्यांना कळत नाही, हा अभ्यास की गेम? खरं तर दोन्ही. डुओलिंगोवर २०१९ पासून अरबी आहे, ड्रॉप्स आणि मेमराईजही आहेत. गुण, लीग, रोजचा ‘स्ट्रीक’ (सलग दिवसांची साखळी) तुटू नये म्हणून येणारी आठवण, या साऱ्याचा हेतू एकच, तुम्ही उद्या पुन्हा ॲप उघडावं. कामावरून थकून आलेल्या माणसाला एवढी ढकलणी लागतेच. तिला मी नावं ठेवणार नाही.

अडचण पुढे आहे. पडद्यावर ‘बैत’ येतं, खाली चार चित्रं, घरावर बोट ठेवलं की टिंग वाजतं. शब्द ओळखला, पण आला का? मोबाईल बाजूला ठेवून तोच शब्द वहीत लिहायला सांगा. अरबीत अक्षरं २८, लिखाण उजवीकडून डावीकडे, आणि शब्दात जागा बदलली की बहुतेक अक्षरांचा आकारही बदलतो. शंभर दिवसांचा स्ट्रीक असलेलाही इथे अडखळतो. म्हणून ॲपनंतर रोज दहा शब्द न बघता लिहा आणि मोठ्यानं म्हणा. अँकी या फ्लॅशकार्डच्या ॲपमध्ये आपल्या कामाचे शब्द स्वतः भरा. वायरमन असाल तर पॅनेलवरचं ‘खतर’, म्हणजे धोका, आणि भिंतीवरचं ‘मख्रज’, म्हणजे बाहेर जायची वाट, हे ‘सफरचंदा’च्या आधी यायला हवेत.

आता हिशेब. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था इंग्रजी भाषकाला कामापुरती पक्की अरबी यायला सुमारे २,२०० तास वर्गात धरते. रोज पंधरा मिनिटं म्हणजे वर्षाला जेमतेम ९१ तास. गणित तुम्हीच करा! शिवाय बहुतेक ॲप प्रमाण अरबी शिकवतात; कुवेतच्या रस्त्यावर ‘कसा आहेस’ यासाठी ‘कैफ हालुक’ऐवजी ‘शलोनक’ ऐकू येतं.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे. वेल्डिंग, नर्सिंग, अकाउंट्स किंवा कांदा-डाळिंबाच्या निर्यातीची कागदपत्रं, असं एखादं काम हातात असेल तर दोन-चारशे शब्दांची अरबी त्याला धार देते. नुसत्या ॲपच्या बळावर नोकरी मिळत नाही. त्यातलं प्रमाणपत्र बायोडेटात शोभेपुरतंच. भाषेतच करिअर करायचं, दुभाषा किंवा अनुवादक व्हायचं, तर पदवी हवी. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, हैदराबादच्या इफ्लू (इंग्लिश अँड फॉरेन लँग्वेजेस युनिव्हर्सिटी) मध्ये आणि दिल्लीच्या जेएनयूतही अरबी शिकवतात. जेएनयूच्या बीएसाठी बारावीनंतर सीयूईटी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. संगमनेर-श्रीरामपूरच्या मुलांना हे अनेकदा माहीतच नसतं.

मुलीला यात पाठवावं का, असंही पालक विचारतात. जरूर. मोठ्या शहरांतल्या इस्पितळांत इराक, ओमान, येमेनचे रुग्ण येतात, त्यांना दुभाषी लागतात. त्यासाठी देश सोडायची गरज नाही.

आणि आखातात जाणारच असाल, तर शब्दांआधी एजंट तपासा. त्याची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर दिसली पाहिजे. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, इतकंच घेता येतं. जास्त मागितले तर पावती मागा; ती द्यायला टाळाटाळ झाली, तर पासपोर्ट त्याच्या हातात देऊ नका.